शिकल्यावाचून येणारं गाणं

रातकिड्याची मादी ओलसर मातीत अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात तेव्हा बाप बहुधा मेलेला असतो. असलाच तरी त्याला पिल्लांशी काही देणंघेणं नसतं. पिल्लू मातीत, पाचोळ्यात वाढतं, पुन्हा पुन्हा कात टाकतं. शेवटच्या कातेनंतर त्याला पुरते पंख फुटतात. काही दिवसांत नर ते पंख उचलतो, एकमेकांवर घासतो आणि पहिल्याच खेपेला आपल्या जातीचं गाणं बिनचूक गातो. प्रयोगशाळेत त्याला जन्मापासून एकटं ठेवलं, कुठल्याही रातकिड्याचा आवाज कानी पडू दिला नाही, तरी तो तेच गाणं गातो.

पक्ष्यांचं असं नसतं. झेब्रा फिंच हा चिमुकला पक्षी बापाचं गाणं ऐकून, घोकून, चुकत चुकत शिकतो. त्याला एकांतात वाढवलं तर तो गातो, पण तुटक आणि विचित्र. रातकिड्याला गुरू नाही आणि रियाजही नाही. म्हणजे गाणं त्याला वारशानंच मिळालेलं आहे. वारसा म्हटला की जनुकं आली. पण गाण्यासारखी गोष्ट जनुकात असते तरी कशी? जनुक म्हणजे प्रथिनं बनवण्याची कृती. प्रथिनातून लय कशी निघते? गेल्या साठ-सत्तर वर्षांत या प्रश्नाचा माग ज्या जिद्दीनं काढला गेला, त्याला जीवशास्त्रात क्वचितच जोड सापडेल असं मला वाटतं.

आधी हे गाणं होतं कसं ते जवळून पाहू. रातकिडा घशातून आवाज काढत नाही. त्याच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला एक जाड शीर असते आणि तिच्यावर ओळीनं बारीक दाते असतात. दुसऱ्या पंखाच्या कडेला एक टणक धार असते. पंख मिटताना ही धार दात्यांवरून सरकते. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यावर खर्र होतं, तत्त्व तेच. फक्त इथे पंखाचा पातळ पडदा त्या खरखरीशी जुळून थरथरतो आणि सेकंदाला चार-पाच हजार कंपनांचा स्वच्छ सूर उमटतो. पंख उघडताना आवाज होत नाही, मिटताना होतो. पंखांची एक मिट म्हणजे एक ठोका. ठोके किती वेगानं पडायचे, किती ठोक्यांनंतर थांबायचं, पुन्हा कधी सुरू करायचं, हे छातीतल्या आणि पोटातल्या मज्जापेशींची जाळी ठरवतात. ऐकणाऱ्या मादीचे कान तिच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात.

म्हणजे गाण्याचे तीन भाग पडतात: पंखावरचं वाद्य, मज्जापेशींतली लय आणि मादीचा कान, किंवा खरं तर तिची आवड. तिन्ही भाग वारशानं येतात. पण एकत्र येतात की वेगवेगळे? पुढची सगळी हकीकत या एका प्रश्नाभोवती फिरते.

लय पंखांच्याही आधी तयार असते, हे 1970 साली डेव्हिड बेंटली आणि रोनाल्ड हॉय या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. शेवटची कात बाकी असलेलं पिल्लू गात नाही. गाणार कशानं, पंखच नाहीत. पण त्याच्या मेंदूतला रोधक भाग निकामी केला तर छातीच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत गाण्याच्या ठेक्याचे संदेश उमटू लागतात. वाद्य हाती येण्याआधीच लय बसलेली असते, मेंदूनं ती नुसती दाबून धरलेली असते.

मग या दोघांनी संकर करून पाहिला. ऑस्ट्रेलियात टेलिओग्रिलस या कुळातल्या दोन जाती आहेत. ओशिअ‍ॅनिकस ही मुख्यतः उत्तरेकडची, कमोडस दक्षिणेकडची. दोघांच्या गाण्यात आधी किरकिरीचा एक तुकडा आणि मागून तानेसारखी लगड येते, पण ठोक्यांची मांडणी निराळी असते. निसर्गात या जाती आपापलं गाणं ओळखून वेगळ्या राहतात. प्रयोगशाळेत मात्र त्यांची जोडी जमवता येते. त्यांच्या संकरित मुलांनी गायलेलं गाणं आईच्या जातीचंही नव्हतं आणि बापाच्याही. ते मधलं होतं. संकरित मुलांचा पुन्हा मूळ जातीशी संकर केल्यावर गाणी थेट दोन गटांत विभागली गेली असती, तर एका जनुकाचा खेळ आहे असं म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. गाण्याचा प्रत्येक तपशील थोडा थोडा सरकत गेला. एका बटणावर चालू-बंद होणारी ही गोष्ट नाही, तिच्यामागे पुष्कळ जनुकं आहेत, एवढं तेव्हाच कळलं.

आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मोठी सुंदर आहे. आई ओशिअ‍ॅनिकस व बाप कमोडस असलेले नर एक गाणं गात होते; आई कमोडस व बाप ओशिअ‍ॅनिकस असलेले नर निराळं. दोन्ही मधलीच गाणी, पण काही बाबतीत झुकाव आईच्या जातीकडे. कारण गुणसूत्रांत आहे. रातकिड्याच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, नरात एकच. आपल्यासारखं वाय गुणसूत्र त्याला नसतंच. नराला आपलं एकुलतं एक एक्स आईकडूनच मिळतं. तेव्हा गाण्याचा जो भाग एक्सवर आहे तो मुलाकडे आईकडून येतो. म्हणजे जी आई आयुष्यात एकदाही गात नाही, ती मुलाला गाण्याचा मोठा हिस्सा देते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे हवाई बेटांवर तो फार कामाला येणार आहे.

मग प्रश्न आला मादीच्या आवडीचा. हॉय यांच्या प्रयोगशाळेत संकरित माद्यांची परीक्षा घ्यायची पद्धत बघण्यासारखी होती. मादीला पाठीकडून चिकटवून अधांतरी धरायचं आणि तिच्या पायांत अगदी हलका, फाटे फुटलेल्या वाटांचा पोकळ गोल द्यायचा. ती चालू लागली की जागची हलत नाही, पायांखालचा गोल फिरतो आणि दर थोड्या पावलांनी पुढ्यात वाय आकाराचा फाटा येतो. दोन बाजूंनी दोन गाणी ऐकवायची आणि ती डावी वाट धरते की उजवी, हे मोजत राहायचं. 1977 साली निष्कर्ष छापून आला: संकरित माद्या आईच्या किंवा बापाच्या जातीच्या गाण्यापेक्षा संकरित नरांच्या गाण्याकडे अधिक वळतात. हे संकरित गाणं निसर्गात कोणी गात नाही. ऐकून सवय व्हावी, असा प्रसंगच नाही. तरी भावंडांच्या अंगी जी लय उतरली तिचीच ओढ बहिणींच्या अंगी उतरली होती.

याचा अर्थ काय लावायचा यावर तेव्हापासून वाद आहे. एक शक्यता अशी की नराची लय बांधणारं जनुकच मादीच्या मेंदूत ओळखीचा साचाही बांधतं. दुसरी शक्यता अशी की जनुकं वेगळी आहेत, पण गुणसूत्रावर शेजारी शेजारी असल्यामुळे एकत्र वारशात जातात. तिसरीही आहे: जनुकं अगदी दूर दूरची, पण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना धरून बदलत आलेली. या तिन्हींत फरक करायचा तर एकेक जनुक गाठावं लागतं आणि त्या काळी रातकिड्यात ते शक्य नव्हतं. शक्य होतं ते एका दुसऱ्याच कीटकात.

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारं बारीक लालसर डोळ्यांचं चिलट म्हणजे ड्रोसोफिला. मराठी पुस्तकांत याला फळमाशी म्हणतात, पण आंब्याच्या बागेत रक्षक सापळा लावून आपले शेतकरी जिला पकडतात ती फळमाशी वेगळ्या कुळातली. ड्रोसोफिला निरुपद्रवी आहे, आणि प्रयोगशाळेत शंभरहून अधिक वर्षं पोसलेली आहे.

हिचा नर गातो हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण ते गाणं काही मिलिमीटरांपलीकडे पोचत नाही. भिंग घेऊन पाहिलं तर दिसतं: नर मादीच्या मागे लागतो, पुढच्या पायानं तिला हलकेच थोपटतो, मग एकच पंख बाजूला काटकोनात ताणतो आणि थरथरवतो. थोड्या वेळानं तो पंख मिटून दुसरा उघडतो. या थरथरीचे दोन प्रकार आहेत. एक सलग गुणगुण आणि दुसरी सुट्या ठोक्यांची माळ. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीत दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण 35 मिलिसेकंद असतं, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 ठोके. तिच्या जवळच्या सिम्युलान्स या जातीत हे अंतर पन्नासच्या आसपास जातं. डोळ्यांना या दोन जाती जवळजवळ सारख्या दिसतात. मादी हे गाणं मिशांवरच्या पिसासारख्या केसांनी ऐकते आणि नर पसंत पडला तर चालणं मंदावते. नरही काही डोळे मिटून गात नाही. मादी किती दूर आहे, किती वेगानं पळते आहे हे पाहून तो गुणगुण करायची की ठोके द्यायचे ते क्षणाक्षणाला बदलतो. गाणं जन्मजात असलं तरी गाणारा समोरच्याकडे बघून गातो.

या माशीतल्या सर्वांत गाजलेल्या जनुकाची सुरुवात एका भारतीय नावापाशी होते. 1963 साली येल विद्यापीठात कुलबीर गिल यांना माश्यांचा एक विलक्षण वंश सापडला. त्यातले नर मादीमागे जितके लागत तितकेच नरांमागेही लागत, आणि समागमापर्यंत मात्र कधीच पोचत नसत. एका छोट्या टिपणात त्यांनी हे नोंदवलं. पुढे जेफ्री हॉल यांनी या जनुकाला ‘फ्रूटलेस’ हे नाव दिलं आणि त्याचा पाठपुरावा केला. अशा नरांतले काही पंख तर उचलत, पण ठोक्यांचं गाणं त्यांना जमत नसे.

1996 मध्ये हे जनुक रेणूंच्या पातळीवर हाती लागलं, तेव्हा त्याची करामत कळली. जनुक नरातही असतं, मादीतही असतं, तेच आणि तसंच. फरक पडतो तो त्याची नक्कल वाचताना. जनुकाच्या नकलेतले काही तुकडे कापून उरलेले जोडावे लागतात. नरात हे काप एका जागी पडतात, मादीत दुसऱ्या जागी. नरातल्या जोडणीतून नराचं प्रथिन बनतं, मादीच्या जोडणीतून ते बनत नाही. हे प्रथिन नराच्या सुमारे 2000 मज्जापेशींत असतं आणि त्या पेशी कशा वाढाव्यात, कोणाशी जोडल्या जाव्यात हे ठरवतं. 2005 साली व्हिएन्नात एब्रू डेमिर आणि बॅरी डिक्सन यांनी मादीमध्ये नराची जोडणी घडवून आणली. ती मादी शरीरानं मादीच राहिली, पण इतर माद्यांच्या मागे लागली, त्यांना थोपटू लागली, पंख ताणू लागली.

लगेच वर्तमानपत्रांनी याला ‘प्रेमाचं जनुक’ करून टाकलं. हे चूक आहे, आणि नुसतं शब्दापुरतं चूक नाही. दोनच वर्षांनी दिसून आलं की नुसत्या फ्रूटलेसच्या जोरावर मादीला धड गाता येत नाही. त्यासाठी ‘डबलसेक्स’ हे दुसरं जनुकही नराच्या रूपात लागतं. डबलसेक्स शरीराचं नरपण-मादीपण घडवतं. फ्रूटलेस मज्जासंस्थेतल्या ठरावीक पेशींचं. गाणं या दोघांच्या सामाईक पेशींतून निघतं.

त्याहून थक्क करणारा प्रयोग 2008 सालचा, डिलन क्लाइन आणि गेरो मिसेनबॉक यांचा. त्यांनी फ्रूटलेस असलेल्या मज्जापेशी प्रकाशानं चेतवता येतील अशी व्यवस्था माशीत केली. माशीचं डोकं काढून टाकलं (डोक्याविना माशी काही काळ उभी राहू शकते) आणि प्रकाशाचा झोत टाकला. बिनडोक्याचा नर पंख ताणून गायला. मग त्यांनी मादीवर तेच केलं. मादी कधी गात नाही. पण झोत पडला आणि बिनडोक्याची मादीही गायली. तिचं गाणं ओळखू येण्याजोगं होतं, फक्त बेसूर, ठोके विस्कळीत. मादीच्या छातीत गाण्याची यंत्रणा मूळची होतीच. नराची जोडणी असलेलं फ्रूटलेस दिल्यावर तिचं गाणं सुधारलं. नर आणि मादी यांत फरक आहे तो मुख्यतः यंत्रणा कोण सुरू करतो आणि कोण सुरात लावतो, यात.

आता लयीकडे. लय ठरवणारी जनुकं शोधायला निघालेल्यांना जे सापडलं त्यानं आधी निराशा व्हावी आणि मग विचार करावा, असं होतं. 1970 च्या दशकात फ्लोरियान फॉन शिल्शर यांनी एक उत्परिवर्ती वंश शोधला. त्याचे नर ठोके देत, पण प्रत्येक ठोका लांबलेला, फुगलेला. वंशाला नाव मिळालं ‘कॅकोफोनी’. 1996 मध्ये हे जनुक सापडलं तेव्हा ते निघालं मज्जापेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या मार्गाचं. हा मार्ग माशीच्या साऱ्या मज्जासंस्थेत लागतो. तो पार बिघडला तर माशी जगतच नाही. अशीच दुसरी गोष्ट 2016 सालची. डेव्हिड स्टर्न यांच्या गटानं सिम्युलान्स आणि मॉरिशस बेटावरची मॉरिशियाना या दोन जातींच्या सलग गुणगुणीतला फरक शोधत नेला आणि तो एका पोटॅशियम मार्गाच्या जनुकावर येऊन थांबला. या जनुकाचं नाव ‘स्लोपोक’. बदल प्रथिनाच्या कृतीत नव्हता. जनुकाच्या मधल्या, प्रथिनात न येणाऱ्या भागात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला होता, स्वतःच्या नकला करत जागोजागी शिरणाऱ्या तुकड्यांपैकी एक. तेवढ्यानं गुणगुणीचा सूर सरकला. तो तुकडा सिम्युलान्सच्या काही माश्यांत असतो, काहींत नसतो. संशोधकांनी तो काढून पाहिला आणि गाणं बदललं.

यातून एक गोष्ट स्वच्छ होते. गाण्याचं म्हणून वेगळं जनुक नाही. चालणं, उडणं, खाणं ज्या मज्जापेशींवर चालतं त्यांचीच विद्युत-व्यवस्था सांभाळणारी जनुकं गाण्याचा काळ आणि सूर ठरवतात. त्यांत थोडासा, योग्य जागी बदल झाला तर माशी धडधाकट राहते आणि गाणं तेवढं बदलतं. उत्क्रांतीला असलेच बदल सोयीचे.

इथे एका वादाचा उल्लेख केला पाहिजे, कारण अनेक पाठ्यपुस्तकांत त्याची एकच बाजू आहे. 1980 साली कायरियाकू आणि हॉल यांनी लिहिलं की मेलॅनोगॅस्टरच्या ठोक्यांमधलं अंतर स्थिर नसतं. सुमारे 55 सेकंदांच्या लाटेत ते कमीजास्त होतं, आणि दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारं ‘पीरियड’ हे जनुक ही लाटही ठरवतं. घड्याळ जलद असलेल्या वंशात लाट आखूड, मंद असलेल्यात लांब. 1991 मध्ये तर सिम्युलान्सचं पीरियड जनुक मेलॅनोगॅस्टरमध्ये घातल्यावर लाटही सिम्युलान्सची झाली, असा निबंध आला. एक जनुक, एक लय, एक जात. फार देखणी गोष्ट. 2014 साली स्टर्न यांनी जुन्या-नव्या ध्वनिमुद्रणांचं विश्लेषण करून सांगितलं की ही लाट आकडेमोडीच्या पद्धतीतून निघालेली आहे, माशीत ती नाही. कायरियाकू यांच्या गटानं त्याला उत्तर दिलं आहे आणि दोन्ही बाजू आपल्या जागी ठाम आहेत. माझं मत असं की जोवर हे मिटत नाही तोवर विद्यार्थ्यांपुढे हे उदाहरण सिद्ध गोष्ट म्हणून ठेवू नये. हॉल यांना 2017 चं नोबेल पारितोषिक मिळालं ते रोसबाश आणि यंग यांच्यासह, दिवस-रात्रीच्या घड्याळासाठी. त्या कामाला या वादाचा काही धक्का लागत नाही.

पुन्हा रातकिड्यांकडे येऊ, कारण निसर्गात गाणं कसं बदलतं हे पाहायचं तर हवाई बेटांसारखी जागा नाही. तिथल्या जंगलात लाउपाला नावाचे छोटे, करडे-तपकिरी रातकिडे आहेत. त्यांच्या 38 जाती आहेत. बघून त्या ओळखता येत नाहीत. ऐकून ओळखता येतात. गाणं अगदी साधं, सारख्या अंतरानं पडणारे ठोके, एवढंच. पॅरानिग्रा ही जात सेकंदाला एकापेक्षाही कमी, सुमारे 0.7 ठोके देते. कोहालेन्सिस सुमारे 3.7. या दोन्ही जाती हवाईच्या सर्वांत मोठ्या, भूशास्त्राच्या हिशेबानं अगदी अलीकडे समुद्रातून वर आलेल्या बेटावरच्या. 2005 साली टॅमरा मेंडेलसन आणि केरी शॉ यांनी हिशेब मांडला की या कुळात दहा लाख वर्षांत चाराहून अधिक नव्या जाती निर्माण होतात. कीटकांत हा वेग विलक्षण आहे.

शॉ यांनी या दोन जातींचा संकर करून ठोक्यांच्या वेगाची जनुकं कुठे कुठे आहेत ते शोधलं. सापडलं ते असं: वेगातला तीन ठोक्यांचा फरक अनेक जागी वाटलेला आहे आणि प्रत्येक जागेचा वाटा लहान आहे. जवळजवळ सगळे एकाच दिशेनं ढकलतात. निव्वळ योगायोगानं असं होत नाही, म्हणजे मादीची निवड तिथे सातत्यानं काम करत असणार. आणि 2009 साली हॉय यांच्या जुन्या प्रश्नाला पहिलं ठोस उत्तर मिळालं. नराच्या ठोक्यांचा वेग बदलणारी एक जागा आणि मादीची वेगाची आवड बदलणारी जागा गुणसूत्रावर एकाच ठिकाणी निघाल्या. नंतर अशा आणखी जोड्या सापडल्या. तिथे नेमकं एकच जनुक दोन्ही कामं करतं की दोन अगदी शेजारची, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. पण लय आणि आवड एकत्र वारशात जाऊ शकतात हे आता नुसतं तर्काचं राहिलेलं नाही. गाणं बदललं आणि ऐकणारी बदलली नाही तर गाणारा निर्वंश होतो. दोन्ही एका हातानं सरकली तर नवी जात झपाट्यानं घडू शकते.

या सगळ्याला उलटा जाणारा प्रकार हवाईतल्याच काउआई बेटावर घडला. ओशिअ‍ॅनिकस, तोच ज्याच्यावर हॉय आणि बेंटली यांनी प्रयोग केले होते, या बेटांवर पसरलेला आहे. आणि तिथे त्याला एक शत्रू भेटला: ऑर्मिया ओक्रेसिया ही उत्तर अमेरिकेतून आलेली माशी. ही माशी रातकिड्याचं गाणं ऐकते. तिचे दोन कान मानेखाली, एकमेकांपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतरावर असतात, तरी आवाजाची दिशा ती अचूक पकडते. रात्री गाणाऱ्या नराजवळ उतरते आणि त्याच्या अंगावर, आसपास जिवंत अळ्या टाकते. अळ्या शरीरात शिरतात, त्याला आतून खातात आणि आठवड्याभरात बाहेर पडतात. रातकिडा मरतो. जो गातो त्याला मादी भेटते आणि त्यालाच माशीही भेटते.

मार्लीन झुक या संशोधिका 1991 पासून काउआईवर जात होत्या. दर वेळी गाणं कमी ऐकू येत गेलं. 2001 मध्ये तर एकच नर गाताना ऐकू आला. रातकिडे संपले, असं कोणालाही वाटलं असतं. 2003 मध्ये मात्र विजेरीच्या उजेडात पाहिलं तर गवतात रातकिडे भरपूर होते. शांत होते एवढंच. नर हातात घेऊन पंख पाहिले तेव्हा उलगडा झाला: पंखावरची दात्यांची शीर आक्रसून जागा सोडून गेलेली, पडदा जवळजवळ नाहीसा, पंख मादीच्या पंखांसारखा सपाट. वाद्यच मोडलेलं. नव्वद टक्क्यांहून जास्त नर असे होते आणि हा पालट वीस पिढ्यांच्या आत झाला होता.

एवढ्या झपाट्यानं हे कसं झालं? एक्स गुणसूत्राचा मुद्दा इथे कामाला येतो. सपाट पंखांचा बदल एक्सवरच्या एका जागी आहे. मुक्या नराचं एक्स फक्त त्याच्या मुलींकडे जातं. मुलीचे पंख तसेही सपाटच, तिला काही फरक पडत नाही. तिच्या मुलांपैकी निम्मे मुके होतात, कारण नराकडे दुसरं एक्स नसल्यामुळे बदल झाकायला काही उरत नाही. बाप मुका म्हणून मुलगा मुका होत नाही. मुकेपणा आईकडून येतो. ज्या नरात हा बदल आला तो त्याच पिढीत माशीपासून वाचला, आणि निवड अशी थेट पडली की बदल पसरायला वेळ लागत नाही.

पण मुक्या नराला मादी मिळते कशी? तो उरलेल्या मोजक्या गाणाऱ्या नरांच्या आसपास जाऊन बसतो आणि गाण्याकडे येणाऱ्या मादीला वाटेत गाठतो. काउआईच्या माद्याही इतर ठिकाणच्या माद्यांपेक्षा कमी चोखंदळ आहेत. काही वर्षांनी ओआहू बेटावरही मुके नर दिसले. हे काउआईहून आले असं वाटणं साहजिक होतं. नेथन बेली यांच्या गटानं 2014 मध्ये दाखवलं की नाही. तिथे स्वतंत्र बदल झाला आहे आणि पंखांची ठेवणही वेगळी आहे. 2021 मध्ये याच गटाच्या कामातून संशयाचं बोट ज्या जनुकाकडे गेलं ते म्हणजे डबलसेक्स, माशीत नरपण-मादीपण घडवणारं तेच.

आणि या मुक्या रातकिड्यांबद्दल जे 2018 साली छापून आलं ते मला या साऱ्या कहाणीत सर्वांत बोलकं वाटतं. सपाट पंखांचे नर अजूनही पंख उचलतात आणि गाण्याच्या ठेक्यात घासतात. आवाज येत नाही. वाद्याची जनुकं बदलली, लयीची बदललेली नाहीत; छातीतली यंत्रणा आपलं काम करते आहे. काउआईच्या गवतात रात्री शेकडो नर एका गाण्याची हालचाल करतात आणि ते कोणालाच ऐकू येत नाही. माशीलाही नाही, म्हणून तर ते जिवंत आहेत. तिन्ही भाग एकत्र येतात की वेगळे, या प्रश्नाचं उत्तर असं दुहेरी आहे: लाउपालात लय आणि आवड एका गाठीनं बांधलेली, काउआईवर वाद्य एकटंच निखळून पडलेलं.

आपल्याकडे सह्याद्रीत आणि कोकणात पावसाळ्याच्या रात्री जे काही ऐकू येतं त्यात अनेक जातींची गाणी मिसळलेली असतात. भारतात या विषयावर उत्तम काम झालं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटानं दक्षिण भारतातल्या झाडांवरच्या रातकिड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ओइकॅन्थस हेन्रीआय या जातीचे काही नर पान कुरतडून मधोमध भोक पाडतात आणि त्यात बसून गातात, म्हणजे पानामुळे आवाज वाढतो आणि दूर पोचतो. ही युक्ती मुख्यतः लहान आकाराचे आणि हळू आवाजाचे नर करतात, असं 2020 मध्ये त्यांनी दाखवलं.

हे वाचून कोणाला आपल्या परसातल्या रातकिड्याचं गाणं टिपावंसं वाटलं तर अवश्य टिपावं. साधा मोबाइल पुरतो. ठोके मोजायचे तर ध्वनिमुद्रण हळू चालवून ऐकावं. फक्त एक गोष्ट विसरू नये. रातकिडा थंड रक्ताचा प्राणी आहे आणि हवा तापली की त्याच्या ठोक्यांचा वेग वाढतो. त्याच तापमानात मादीची आवडही तितकीच सरकते, म्हणून त्यांचं बिघडत नाही; मोजणाऱ्याचं बिघडतं. वीस अंशांतला एक रातकिडा आणि तीस अंशांतला दुसरा, यांच्या ठोक्यांची तुलना करून त्या दोन जाती आहेत असं म्हणता येत नाही. तेव्हा प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ, जागा आणि त्या क्षणीचं तापमान लिहून ठेवा. तापमान नसेल तर ती नोंद कोणाच्याही कामाची नाही.